वॉर्निशनंतर चिलखत पांढरं का पडतं? मराठवाड्याच्या हवापाण्यात चिलखती घोडेस्वार रंगवताना

घोडेस्वाराची छोटी बाहुली रंगवून झाली. जिरहच्या, म्हणजे कड्यांच्या चिलखताच्या, कड्या काळ्या वॉशने (खड्ड्यांत उतरणाऱ्या पातळ रंगाने) उठून आल्या, पाखरीला, म्हणजे घोड्याच्या चिलखताला, पितळी किनार झाली, शेवटी वॉर्निशचा हात दिला. दुसऱ्या दिवशी बघावं तर सगळं पोलाद पिठात लोळल्यासारखं पांढरट. लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, कुठूनही असो, ही तक्रार दर वर्षी दोनदा कानावर येते. एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा श्रावण-भाद्रपदात. तिला ठरलेलं उत्तर मिळतं की कॅन खराब असेल, दुसरा घ्या. दुसरा कॅन येतो, पैसे जातात आणि बाहुल्यांचं पुढचं पथकही पांढरंच निघतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे पांढरं पडणं म्हणजे एक दुखणं नाही. त्याची निदान पाच कारणं आहेत, प्रत्येकावर उपाय वेगळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर काम आणखी बिघडतं. म्हणून आधी ओळख पटवा, मग ब्रश उचला.

चिलखती स्वारालाच हा त्रास जास्त का होतो, तेही समजून घेण्यासारखं आहे. पांढऱ्या अंगरख्यातला पायदळाचा शिपाई थोडा धुरकट झाला तरी कळत नाही. दख्खनी किंवा मुघली स्वार मात्र गडद असतो: अंगात कड्यांचं बख्तर, त्यावर छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर चारआईन्याच्या चार पट्ट्या, डोक्याला शिरस्त्राण आणि मानेवर कड्यांची झालर, घोड्याला पाखर. २८ मिमीच्या बाहुलीवर या कड्या म्हणजे शेकडो बारीक खड्डे. पातळ पदार्थ त्या खड्ड्यांत साचतो, आणि खाली काळा प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) असल्यामुळे साचलेला कणन्‌कण दिसतो.

आधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न, पांढरं कधी पडलं? वॉश वाळल्यावर, पण वॉर्निश मारण्याआधीच दिसत असेल तर दोष पाण्याचा. वॉर्निश मारल्यावर काही मिनिटांत किंवा रात्रीतून आलं असेल तर हवा किंवा वॉर्निश. कपाटात ठेवल्यावर महिन्या-वर्षांनी आलं असेल तर प्रकरण वेगळं आहे, त्याकडे शेवटी येतो.

दुसरा प्रश्न, ओलं केल्यावर काय होतं? स्वच्छ ब्रश पाण्यात बुडवून पांढऱ्या जागेवर फिरवा. ओलं असेपर्यंत पांढरं नाहीसं झालं आणि वाळल्यावर परत आलं, तर वरचा पृष्ठभाग खरखरीत झालाय, प्रकाश विखुरतोय, एवढंच. हे सुधारतं. ओलं करूनही दुधाळ पडदा तसाच राहिला तर ओल वॉर्निशच्या थरात अडकली आहे. आणि पांढरं फक्त घोड्याच्या कानावर, गुडघ्यावर, भाल्याच्या टोकावर असेल तर तिथे रंगच घासून गेलाय आणि खालचा धातू डोकावतोय. वॉर्निशला दोष देऊ नका.

ही पाहणी दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी करा. ट्यूबलाइटखाली चांदीचा रंग आणि पांढरा पडदा यांतला फरक नीट कळत नाही.

पाणी

सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच कारणाकडे होतं आणि मराठवाड्यात हेच सगळ्यात जास्त वेळा सापडतं. आपल्याखाली काळा बेसाल्ट आहे. त्यातून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून गेलं की क्षार मागे राहतात. कुलरच्या जाळीवर, गिझरच्या कॉइलवर, नळाच्या तोंडाशी बसलेला पांढरा थर तोच. वॉश पातळ करायला तेच पाणी वापरलं की ते कड्यांच्या खड्ड्यांत जाऊन वाळतं आणि प्रत्येक खड्ड्याच्या कडेला बारीक राखाडी वळं उमटतं. क्षार फारच जास्त असतील तर पातळ वॉश कधीकधी फाटतोसुद्धा. रंगाचे कण एकत्र येऊन दाणे पडतात आणि सावली सलग बसत नाही.

पिण्यायोग्य पाणी म्हणजे वॉशला योग्य पाणी, असं धरून चालू नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. माणसाला ते चालतं, काळ्या प्रायमरवरच्या वॉशला चालत नाही.

यातली फसवी गोष्ट म्हणजे आपल्या घरात येणारं पाणी वर्षभर एक नसतं. संभाजीनगरला जायकवाडीचं, नांदेडला विष्णुपुरीचं, लातूरला मांजरा धरणाचं पाणी येतं तेव्हा सगळं सुरळीत असतं. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की बोअर आणि टँकर सुरू होतात. २०१६ मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. म्हणजे रंग तोच, हात तोच, ब्रश तोच, पण नोव्हेंबरात रंगवलेलं पथक स्वच्छ आणि एप्रिलमधलं डागाळलेलं. रंगवणारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो आणि बदललेलं असतं टाकीतलं पाणी.

खात्री करायची असेल तर काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणावर तीन थेंब ठेवा: एक नळाचा, एक आरओच्या जारचा, एक बॅटरीच्या पाण्याचा. पंख्याखाली वाळू द्या. ज्याचं वळं दिसेल ते पाणी रंगाला लावू नका.

उपाय स्वस्त आहे. गॅरेजमध्ये किंवा पेट्रोल पंपावर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं. एक बाटली सहज काही महिने पुरते. ड्रॉपरने रंगात, वॉशमध्ये, एअरब्रशमध्ये फक्त तेच घाला. ब्रश खळबळायला नळाचं पाणी चालेल, पण शेवटचा हात डिस्टिल्डमध्ये द्या. ब्रशच्या पोटात राहिलेलं पाणी शेवटी बाहुलीवरच उतरतं. आरओचं पाणीही चालतं. मात्र आरओच्या नळीतून बाहेर टाकलं जाणारं पाणी कधीच वापरू नका, सगळे क्षार त्यातच जमा झालेले असतात.

डाग पडलाच असेल आणि अजून वॉर्निश मारलेलं नसेल, तर वॉश पक्का वाळल्यावर ओलसर मऊ ब्रशने डिस्टिल्ड पाणी फिरवून टिशूने टिपून घ्या. दोन-तीनदा केलं की बराच फरक पडतो. हट्टी डागाला थेंबभर व्हिनेगर पाण्यात पातळ करून ब्रशच्या टोकाने लावा आणि लगेच डिस्टिल्डने धुऊन काढा. एक अट: बाहुली जुन्या शिशाची नाही याची खात्री असेल तरच व्हिनेगर. कारण पुढे सांगतो. वॉर्निशखाली गेलेला डाग बाहेरून निघत नाही. त्यावर गडद वॉशचा बारीक हात आणि वर पुन्हा चांदीचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिरवलेला रंग), हाच मार्ग.

उन्हाळा: बाहेर कोरडी हवा, खोलीत कुलर

मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की गच्चीवर स्प्रे मारणं अवघड होतं. प्रायमरचे किंवा वॉर्निशचे थेंब कॅनमधून निघतात आणि बाहुलीपर्यंत पोहोचायच्या आधीच हवेत वाळतात. अंगावर बसते ती ओली पुटी नव्हे, कोरडी भुकटी. बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं लागतं. ओळखायची खूण अशी की ही भुकटी मोकळ्या, उंच जागांवर जास्त बसते. घोड्याचा पुठ्ठा, चारआईन्याची सपाट पट्टी, ढालीचा फुगवटा इथे. आणि ज्या बाजूने स्प्रे मारला त्याच बाजूला. खड्डे त्या मानाने स्वच्छ राहतात.

कॅनवर साधारण २० ते ३० सेंमी अंतर लिहिलेलं असतं. आपल्या उन्हाळ्यात १५ ते २० सेंमीवर या आणि हात जरा भरभर फिरवा. सकाळी सातच्या आत काम उरका. कॅन घरात सावलीत ठेवा. बहुतेक कॅनवर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका अशी सूचना असते आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तो धोका रंगापुरता नाही, कॅन फुटू शकतो. बाहुल्याही आधीपासून गच्चीवर नेऊन ठेवू नका. धातू तापतो आणि रंग त्यावर पसरायच्या आत वाळतो.

प्रायमरच्या टप्प्यावर भुकटी बसली असेल तर कोरड्या जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने झाडा, बरीचशी जाते. राहिली तर धातूची बाहुली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून सगळं उतरवा आणि नव्याने सुरुवात करा. खरखरीत प्रायमरवर चांदीचा ड्रायब्रश मारू नका. प्रत्येक दाण्यावर चांदी बसते आणि कड्यांची नक्षीच हरवते.

आता कुलर. बाहेर हवा ठणठणीत कोरडी, मग वॉर्निशवर ओलीचा दुधाळ पडदा कसा आला, या प्रश्नाने भलेभले चक्रावतात. उत्तर खोलीच्या खिडकीत बसवलेलं असतं. कुलर हवा गार करतो तो तिच्यात पाणी मिसळून. दारं बंद करून चालवलेल्या खोलीत मे महिन्यातही पावसाळ्यासारखी दमट हवा होते. शिवाय जुन्या कुलरमधून बारीक तुषार उडतात आणि त्या तुषारांतही तेच बोअरचं क्षारयुक्त पाणी. ओल्या वॉर्निशवर ते बसले की छोटे गोल पांढरे ठिपके दिसतात. ठिपके दिसले की वॉर्निशचा ब्रँड बदलण्याआधी टेबलाची जागा बदला. रंगवताना कुलर चालू ठेवायला हरकत नाही, उलट दमट हवेत रंग पॅलेटवर जरा जास्त टिकतो. वॉर्निशच्या वेळी मात्र तो बंद हवा, आणि बाहुल्या वाळेपर्यंत बंदच.

पावसाळा

इथे कारण सरळ आहे. स्प्रेमधला द्रावक भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, गार पृष्ठभागावर दमट हवेतलं पाणी जमतं आणि वॉर्निशच्या थरात कोंडलं जातं. तोच दुधाळ पडदा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रेला हात लावू नका. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र फार महाग नसतं, आणि महागडं पथक वाचवायला ते घ्यावंच.

पडदा आलाच तर घाबरून लगेच दुसरा थर मारू नका. कोरड्या दिवसाची वाट बघा. मग त्याच स्प्रेचा अगदी विरळ हात दिला की नव्या थरातला द्रावक जुना थर थोडा सैल करतो, अडकलेली ओल निघून जाते आणि पुष्कळदा पडदा उतरतो. नाही उतरला तर ब्रशने ग्लॉस, म्हणजे चकचकीत, वॉर्निश.

पावसाळ्यात थांबायची तयारी नसेल तर पाण्यावर आधारलेलं वॉर्निश ब्रशने लावणं हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. पण त्याचीही एक खोड आहे.

मॅट वॉर्निशचा गाळ

मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, वॉर्निशला मॅटपणा येतो तो त्यात मिसळलेल्या सिलिकासारख्या अतिबारीक भुकटीमुळे. ती तळाशी बसते. बाटली नीट हलवली नाही तर सुरुवातीला चकचकीत वॉर्निश निघतं आणि शेवटी शेवटी सगळी भुकटी. जाड हात दिला तर हीच भुकटी कड्यांच्या खड्ड्यांत साचते आणि वाळल्यावर पांढरी दिसते. उन्हाळ्याच्या कोरड्या स्प्रेच्या नेमकी उलट खूण: उंचवटे स्वच्छ, खड्डे पांढरे. ओलं केलं की नाहीसं होतं.

बाटली दोन मिनिटं तरी हलवा, पातळ हात द्या, आणि वाळायच्या आत कोरड्या ब्रशने खड्ड्यांत साचलेलं टिपून घ्या. पाखरीच्या पट्ट्यांच्या सांध्यांत, खोगिराखाली आणि स्वाराच्या काखेत हमखास साचतं, तिथे मुद्दाम बघा.

झालेलं नुकसान ग्लॉस वॉर्निशने भरून निघतं. ग्लॉस त्या भुकटीच्या कणांमधल्या फटी भरतो आणि प्रकाश विखुरणं थांबतं. पातळ ग्लॉस, पूर्ण दिवसभर वाळू द्या, मग सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचं वॉर्निश. खरखरीतपणामुळे आलेल्या बहुतेक पांढरेपणाला हाच उपाय लागू पडतो.

तेलाचं बोट फिरवा, असाही सल्ला दिला जातो. तेलाने पांढरेपणा लगेच नाहीसा होतो हे खरं, पण मी तो सल्ला देणार नाही. खोबरेल वाळतच नाही. करडईचं तेल वाळतं, तैलरंगांत ते वापरलंही जातं, पण त्याला वेळ लागतो आणि तोवर आपल्याकडची धूळ त्यावर चिकटून बसते. वर वॉर्निशही धरत नाही.

हे सगळं नीट केलं आणि तरी पोलाद मेल्यासारखं वाटतं, तर तो दोष समजू नका. चांदीच्या रंगात चपटे चकाकणारे कण असतात, मॅट वॉर्निश त्यांची चकाकी मारतं आणि धातू राखाडी दिसतो. म्हणून सबंध स्वारावर सॅटिन मारा, मग घोड्याचं अंग, कापड, चामडं यांवर ब्रशने मॅट लावा आणि पोलाद तसंच सोडा. सर्वात शेवटी, वॉर्निशच्या वर, कड्यांच्या उंचवट्यांवर उजळ चांदीचा अगदी कोरडा हात. काही जुन्या बख्तरांत लोखंडी कड्यांत पितळी कड्या गुंफून चौकटींची नक्षी केलेली असते. ती काढायची असेल तर याच टप्प्यावर काढा. दबलेल्या पोलादावर पितळ काय उठून दिसतं! झुलीला लाल-सोनेरी हिमरूची वेलबुट्टी दिली की स्वार दख्खनचा वाटायला लागतो.

महिन्यांनंतर आलेला पांढरेपणा

बेसवर (बाहुलीच्या पायाखालच्या चकतीवर) आणि खुरांपाशी पांढरी लव आली असेल तर ती बुरशी. अनेक जण बेसला शेतातली काळी माती लावतात, आणि लावावीच. भातवडीच्या लढाईत, १६२४ मध्ये, मलिक अंबरने तलावाचं पाणी सोडून मुघल-आदिलशाही फौजांच्या वाटेत चिखल केला होता. तो प्रसंग मांडायचा तर खुरांना खरी काळी माती हवी. फक्त ती आधी जुन्या तव्यावर चांगली भाजून घ्या, काडीकचरा चाळून काढा आणि मग डिंकात कालवा. कच्ची माती पावसाळ्यात बुरशी धरते.

आणि आता शिसं. जुन्या, हातोहात आलेल्या बाहुल्या कधीकधी शिशाच्या असतात. त्यांच्यावर आतून राखाडी-पांढरी भुकटी येते, रंगाला पापुद्रे सुटतात. ॲसेटिक आम्लाच्या वाफांमुळे शिशाचं असं होतं. या वाफा लाकूड, प्लायवुड, एमडीएफ आणि आंबट वासाचा सिलिकॉन सीलंट यांतून निघतात, आणि बंद कपाटात साठतात. व्हिनेगरमध्येही हेच आम्ल असतं, म्हणून शिशाला व्हिनेगर लावायचं नाही. ही भुकटी विषारी आहे. फुंकू नका, कोरडी घासू नका, लहान मुलांच्या हाती पडू देऊ नका. हातमोजे घालून ओल्या कापडाने पुसा, कापड फेकून द्या, हात धुवा. धातू खोलवर खाल्ला गेला असेल तर ती बाहुली वाचवायच्या भरीस पडू नका. बाकीच्या लाकडी कपाटातून काढून हवा खेळेल अशा काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पेटीत ठेवा.

वर्षाचं काम कसं लावावं

शक्य असेल तर स्प्रेचं सगळं काम दिवाळी ते महाशिवरात्र या काळात उरका. हवा कोरडी, ऊन बेताचं, धूळ कमी. परभणीकडे थंडीत पहाटे पारा एक आकडी होतो तेव्हा मात्र दहा-अकरा वाजेपर्यंत थांबा, आणि कॅन आधी थोडा वेळ कोमट पाण्यात धरा, उकळत्या पाण्यात कधीच नाही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ब्रशने रंगकाम करा, आणि पूर्ण झालेली पथकं हिवाळ्यातल्या वॉर्निशसाठी झाकून ठेवा. उदगीरच्या लढाईची (३ फेब्रुवारी १७६०) निजामाची घोडदळाची फळी उभी करायची म्हटली तर स्वार पुष्कळ लागतात. एवढं काम पाण्यात जाऊ देण्यापेक्षा चार महिने थांबलेलं परवडतं.

घाई असेलच, तर प्लॅस्टिकचा एक चमचा घ्या. त्याला काळा प्रायमर, चांदीचा ड्रायब्रश, वॉश, सगळं पथकासारखंच करा. वॉर्निश मारायच्या दिवशी आधी त्या चमच्यावर मारा, त्याच जागी, त्याच वेळी. खोलगट बाजूला पांढरं साचलं तर वॉर्निशचा गाळ, फुगीर बाजू खरखरीत लागली तर कोरडा स्प्रे, सगळीकडे दुधाळ पडदा आला तर ओल. तासाभराने खिडकीपाशी नेऊन बघा आणि चमचा स्वच्छ असेल तरच घोडेस्वारांना हात लावा.